दाराशी उभ्या राहिलेल्या बाई

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले महापौरसाहेब, समुद्रापलीकडून आलेले पाहुणे कलावंत, महोत्सव समितीचे सर्व सभासद, माझे वादक सहकारी, आणि खाली दाटीवाटीने, पण प्रत्येकजण स्वतःच्या खुर्चीवर बसलेले रसिकहो,

आज आपल्या आंतरराष्ट्रीय अभिजात संगीत महोत्सवाच्या संचालिकाबाई निवृत्त होत आहेत. समितीने मला सांगितलं, तुम्ही सगळ्यांत जुने चेलोवादक, तेव्हा महोत्सवाचा इतिहास चार शब्दांत सांगा. मी म्हटलं, सांगतो, पण मग तो सगळा सांगू द्या. समितीचे चिटणीस जरा चुळबुळले. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "सांगू दे त्यांना. मी बसून ऐकेन."

तर सुरुवात गमतीची होती. बाईंचे यजमान आमच्या वाद्यवृंदाचे कंडक्टर. आम्ही सगळे त्यांना 'मास्तर' म्हणायचो. उमदा माणूस. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतला माणूससुद्धा ताल सांभाळून चालेल. त्यांनी एका शाळेच्या व्यायामशाळेत पहिला महोत्सव भरवला. चार देशांचे वादक आले. हॉटेलं परवडत नव्हती, म्हणून पाहुणे आम्हा वादकांच्या घरी वाटून दिले. आमच्या वाट्याला एक बसूनवादक आला; बसून म्हणजे माणसाएवढं उंच लाकडी फुंकवाद्य. तो मोजे धुऊन बसूनवर वाळत घालायचा. माझी पत्नी शाळेत भूगोल शिकवायची. तिने त्याच्याकडून त्याच्या देशातल्या नद्यांची नावं पाठ करून घेतली, आणि त्याने तिच्याकडून आपल्या भाषेतल्या सगळ्या शिव्या. जाताना स्टेशनवर त्याने मला कडकडून मिठी मारली आणि त्यातली एक शिवी दिली. त्याला वाटलं, तो निरोपाचा शब्द आहे. कुणी सांगितलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल.

पुढे नाव झालं. महापालिकेने धान्यबाजाराची जुनी इमारत दिली, म्हणजे हेच सभागृह. आत लाकडी सज्जा होता, तिन्ही बाजूंनी फिरलेला. आवाज तिथे सगळ्यांत छान पोहोचायचा. माझी पत्नी म्हणायची, खाली तुम्ही दिसता, वर तुम्ही ऐकू येता.

नवव्या वर्षी एक बुजुर्ग पियानोवादक यायला तयार झाले. कितीतरी वर्षं त्यांनी लोकांसमोर वाजवलं नव्हतं. सगळे त्यांना 'म्हातारा' म्हणत, प्रेमाने. तिकिटं हातोहात संपली. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून बाहेर रस्ता माणसांनी भरला होता. लोक दूरदूरच्या गावांहून आले होते, परत कसे पाठवणार? दरवानाने मास्तरांना विचारलं, "साहेब, वर किती सोडू?" मास्तर खुशीत होते. म्हणाले, "मावतील तेवढे सोड."

मी त्यांना दोष देण्यासाठी त्यांचा आवाज काढून दाखवत नाही. तो आनंदी माणसाचा आवाज होता, एवढंच मला आठवतं.

म्हातारा आमच्याबरोबर वाजवत होता; रचनेचा दुसरा भाग संथ होता. चेलोंना लांब, धरून ठेवलेले स्वर. मला वाटलं, शेजाऱ्याची तार तुटली. मग वाटलं, बाहेर गाडी धडकली. मग माझ्या चेलोवर धूळ पडली आणि मी वर पाहिलं. सज्ज्याची उजवी बाजू भिंत सोडत होती. सावकाश. इतक्या सावकाश की वरचे काही लोक उभे राहिले, जणू आपली जागा कुणाला तरी देत आहेत.

माझी पत्नी उजव्या बाजूला होती.

एकोणीस माणसं गेली. म्हातारा पियानोवरून उठला आणि आमच्याबरोबर हातांनी लाकडं उचलू लागला. एवढ्या मोलाचे हात, पण कुणालाही त्याला 'राहू द्या' म्हणायचं सुचलं नाही. त्याने पुढे कधीच वाजवलं नाही.

चौकशी बसली महापालिकेच्या दालनात. दरवान कोठडीत होता, कारण माणसं वर सोडणारा तो. मास्तरांनी सांगितलं, सज्जा कमकुवत आहे हे मला कुणी बोललं नव्हतं. इमारत तपासणारे अभियंते त्यांचे मित्र होते; ते चौकशीआधीच हृदयविकाराने वारले होते. तेव्हा विचारायचं कुणाला? सगळ्यांच्या माना दरवानाकडे वळल्या. त्याची बायको बाहेरच्या बाकावर बसून असायची. रोज यायची. तिला आत कुणी बोलावलं नाही.

बाईंना बोलावलं ते किरकोळ साक्षीसाठी. खुर्च्यांची व्यवस्था त्या पाहायच्या, म्हणून. मी मागच्या रांगेत होतो. चौकशी अधिकाऱ्यांनी उगीच विचारायचं म्हणून विचारलं, "आपल्या यजमानांना धोक्याची कल्पना नव्हती, बरोबर ना?"

बाई म्हणाल्या, "होती."

दालनात खुर्च्या सरकल्या. मास्तरांचे वकील उठले. "बाई दुःखाने भांबावल्या आहेत. त्यांना थोडा वेळ द्यावा."

"भांबावले असते तर गप्प बसले असते," बाई म्हणाल्या. "अभियंते आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगून गेले. वर बसलेली माणसं चालतील, उभी चालणार नाहीत. दोनदा सांगितलं. मी चहा गाळत होते. यांनी ऐकलं. मीही ऐकलं."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी लोक जिन्यावरून वर चालले होते, तेव्हा मी जिन्याखाली उभी होते. मला आठवलं. मला वाटलं, एक दिवस काय होतंय. मी बोलले नाही. दरवानाला कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्याला सोडा."

मास्तर त्यांच्याकडे बघत होते. रागाने नाही. एखादा माणूस घराची चावी विसरून दाराबाहेर उभा राहावा, तसे.

दरवान सुटला, पण या दारावर परत आला नाही. बायकोला घेऊन गाव सोडून गेला. मास्तरांना शिक्षा झाली. बाईंना कायद्याने काही केलं नाही, बाकी सगळ्यांनी केलं. निम्मे म्हणत, हिने माणसं मारली. निम्मे म्हणत, हिने नवऱ्याला तुरुंगात धाडलं. दुकानात त्या गेल्या की गप्पा थांबायच्या. कुणी त्यांच्या दारावर डांबर फासलं. त्यांनी ते पुसलं नाही. वर्षभर तसंच होतं.

माझं काय झालं? मी चेलो पेटीत घातला आणि कपाटावर टाकला. एका कारखान्यात कोठाराचं काम धरलं. घरी आलो की भिंतीवर तिने लावलेले नकाशे. काढवत नव्हते, बघवत नव्हते.

काही वर्षांनी महापालिकेने ठरवलं, ही इमारत पाडून दुकानं काढू. तेव्हा बाई सभेत जाऊन उभ्या राहिल्या. "तिथे माणसं गेली आहेत. तिथे चपला विकू नका." लोकांनी हुर्यो उडवली. त्या दुसऱ्या सभेत गेल्या. तिसऱ्या सभेत गेल्या. शेवटी कंटाळून म्हणा, लाजून म्हणा, इमारत राहिली. सज्जा उतरवला. आणि मग महोत्सव पुन्हा भरवायला त्या एकेका वादकाच्या घरी गेल्या.

माझ्याकडे आल्या तेव्हा मी दार उघडून तसाच उभा. मी म्हटलं, "तुम्हाला इथे यायला काही वाटलं नाही?"

"वाटलं. दोन वेळा कोपऱ्यावरून परत गेले."

"मग?"

"तुम्हाला काय बोलायचं असेल ते बोला. मी उभी आहे. नंतर एक विचारायचंय."

मी बोललो, रसिकहो. त्या बसूनवाल्याला शिकवलेलं सगळं बोललो. शेजारी गॅलरीत आले. बाई खाली मान न घालता ऐकत राहिल्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "चेलो कमी आहेत. गुरुवारी तालीम आहे."

मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी गेलो.

तेव्हापासून दर संध्याकाळी या दाराशी त्या स्वतः उभ्या राहिल्या. खुर्च्या भरल्या की दार बंद. कोणी रडो, कोणी ओळख सांगो. महापौरसाहेब, आपल्या आधीच्या एका महापौरांना त्यांनी पावसात परत पाठवलं आहे. ते म्हणाले, मी उभा राहीन. बाई म्हणाल्या, "इथे उभं कुणी राहत नाही." आपण आज वेळेवर आलात, हे बरं केलंत.

मास्तर सुटून आले तेव्हा बाई त्यांना न्यायला गेल्या. लोकांना वाटलं होतं, घटस्फोट होईल. त्या म्हणाल्या, "तो माझा नवरा आहे, हे मी साक्षीत नाकारलं नव्हतं." मास्तर पुन्हा कधी या इमारतीत आले नाहीत. बाई घरी पोचल्या की ते एवढंच विचारत, "दार कुणी लावलं?" बाई म्हणत, "मी." मग दोघं जेवायला बसत. हे मला मास्तरांनीच सांगितलं, शेवटच्या आजारपणात. गेल्या वर्षीच्या थंडीत ते गेले. तेव्हा खांदा द्यायला माणसं कमी पडली, म्हणून आम्ही चेलोवाले पुढे झालो.

आता शेवटचं. कितीतरी जण मला बाजूला घेऊन विचारतात, तुम्ही बाईंना माफ केलंत का? आज बाई समोर आहेत, तेव्हा इथेच उत्तर देतो. नाही केलं. प्रयत्न केला, जमलं नाही. आणि त्यांनीही ते कधी मागितलं नाही. मागितलं असतं तर मी खोटं बोललो असतो, आणि मग आम्हाला एकमेकांच्या तोंडाकडे बघता आलं नसतं. पण एवढं सांगतो, इतकी वर्षं मी त्यांच्या हाताखाली वाजवलं, आणि दुसऱ्या कुणाच्या हाताखाली या सभागृहात मी बसलोही नसतो.

समितीने बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, पाहुण्यांना आमची भाषा कळत नसूनही ते शांत बसले, सर्वांचा आभारी आहे. निरोपाच्या प्रसंगी गोड बोलायचं असतं. ते माझ्याकडून झालं नाही, त्याबद्दल सभागृहाने उदार मनाने सांभाळून घ्यावं. बाई, तुमच्याकडे मात्र मी क्षमा मागत नाही. आपल्या दोघांत ती पद्धत नाही.