रविवारी सातने गुणा

...अहो, दाराला कुलूप असावं, कोडं नसावं, एवढंच माझं म्हणणं आहे! तुम्हाला सांगतो, आमचे सासरे गणिताचे मास्तर. निवृत्त झाले, आमच्याकडे राहायला आले आणि आल्या आल्या दाराला ते आकडे दाबायचं कुलूप बसवलं. बरं, बसवलंत तर साधा काहीतरी आकडा ठेवा ना! छे! "जावईबापू, एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न! काय संख्या आहे! सोमवारी हीच दाबायची, मंगळवारी दोनने गुणून, बुधवारी तीनने... गुणत जा, आकडे तेच, जागा तेवढ्या बदलतात!"

मी शिंपी माणूस. गुणाकाराचं आणि माझं शाळेपासून वाकडं. पण खोटं कशाला बोलू, दोनने गुणलं तर खरंच की हो! दोन आठ पाच सात एक चार! तेच सहा, नुसते गोल फिरलेले. मग म्हटलं, गुणायचं कशाला? कंबरेभोवती टेप फिरवतो तसे आकडे गोल धरायचे, सोमवारी एकपासून वाचायचे, मंगळवारी दोनपासून, मग चार, पाच, सात, आठ... शनिवारपर्यंत राजासारखा घरात शिरत होतो! आकडे तेच, जागा तेवढ्या बदलतात!

आणि उजाडला रविवार. बायको सासूबाईंना घेऊन बाजारात. मी दुकानातून निघालो तोच... आता तुमच्यापासून काय लपवायचं, जोराची लागलेली! दुकानात ती सोय नाही, अंगात नवी कोरी पँट, जिना कसा चढलो माझं मला माहीत. दारापुढे एक पाय इकडे, एक पाय तिकडे, आणि वाचू कुठून? सहाही आकडे वापरून झाले की! एकपासून दाबलं, कुंई! आठपासून दाबलं, कुंई! ओरडलो, "बाबा, दार उघडा!" आतून घुमल्यासारखा आवाज, "मला उठता येत नाही हो! आज रविवार, सातने गुणा!"

काढला खिशातला खडू, मांडलं दारावरच. सात सत्ते एकोणपन्नास, नऊ, हातचे चार. सात पंचे पस्तीस नि चार एकोणचाळीस, परत नऊ, हातचे तीन... अहो, मी हातचे धरू की दुसरं काही धरू? परत नऊ! परत नऊ! म्हटलं चुकलं, आकडे तेच यायला हवेत ना? पुसलं, परत मांडलं, परत नऊच!

"बाबा, नुसते नऊच येताहेत हो!"

"सहाही नऊ ना? वा! अंगावर काटा येतो की नाही?"

काटा? इथे डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत! दाबले सहा नऊ, उघडलं दार, चपलांसकट पळालो संडासाकडे... तर कडी आतून!

"कोण, जावईबापू? आलात? शाब्बास! मला जरा वेळ लागेल. तोवर आठने गुणून बघा, तिथे वेगळीच गंमत आहे!"

भिंतीला टेकलो, पायाला पायाची अढी घातली, आणि गुणलं. करतो काय?

अकरा लाख बेचाळीस हजार आठशे छप्पन्न. आणि पुढचा एक उचलून शेवटच्या सहात मिळवला, की परत आपले तेच आकडे!