लोरेंझोचं डावं-उजवं

अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या इंडियन ग्रोसरीत बिलाची रांग तसूभरही हलत नव्हती. सुनेत्राच्या पुढचे आजोबा आणि त्यांचा तरुण शेजारी मात्र गप्पांत रंगले होते.

"काका, नातीचा नवा कोच लोरेंझो इटलीत मोठा प्लेयर होता म्हणे?"

"सोळा वर्षं डिफेंडर! जन्मात एकच गोल केला, तोही स्वतःच्याच टीमवर."

"मग हा काय शिकवणार, यार!"

"अरे, तोच गोल शिकवतो! पाय कुठे चुकला ते करून दाखवतो आणि पोरींपेक्षा जास्त हसतो. आता तर मॅचमध्ये मराठीत ओरडतो. मीच शिकवलं."

"मराठीत?"

"टीममध्ये सात पोरी आपल्या. म्हटलं, समोरच्यांना कळायला नको. पण पठ्ठ्याने डावं-उजवं उलटं पाठ केलं. 'दावीकदे!' म्हणून ओरडला आणि हात केला उजवीकडे."

"मग सुधारलं नाहीत?"

"कशाला? पोरी हात बघून पळाल्या आणि गोल झाला! तेव्हापासून तेच ठेवलंय. उद्याच्या फायनलला समोर एखादी मराठी पोर असली, तरी फसणार!"

"कमाल आहे, काका!"

रांग सरकली. आजोबा मागे वळून सुनेत्राला म्हणाले, "यू हॅव ओन्ली मिल्क? प्लीज, गो फर्स्ट."

"थँक्यू काका," सुनेत्रा पुढे होत म्हणाली. "फक्त एक सांगा, 'दावीकदे' म्हणजे उजवीकडेच ना? उद्या समोरच्या गोलमध्ये माझी मुलगी उभी आहे."