आईला आधी कळायला हवं

बल्ब बदलून घ्यायला आलेल्या बाई विजेच्या दुकानात रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढचे आजोबा दुकानदाराला सांगत होते,

"बाळ रडलं की दिवा लुकलुकायला हवा. माझ्या लेकीला न् जावयाला ऐकू येत नाही."

"मग वायफायवालं घ्या, काका. स्वस्तात पडेल."

"आणि नेट गेलं तर?"

"तर बंद."

"बाळ काय नेट यायची वाट बघणार आहे? दुसरं दाखव."

"ब्लूटूथ आहे, पण मधे भिंती आल्या की ते मान टाकतं."

"दोन भिंती आहेत."

"मग हे झिग्बी घ्या. याला नेट लागत नाही. पाळण्याजवळचं यंत्र या डबीला कळवतं, डबी दिव्याला."

"हां, हेच दे."

"पण काका, तुम्ही घरातच असता ना? तुम्हाला ऐकू येईलच की."

"येईल ना. पण मीच आधी पोचलो, तर आई धावून येते हे बाळाला कळणार कधी?"

"मग तुम्ही काय करणार?"

"पांघरुणात कान टवकारून पडेन. लेकीची पावलं वाजली, की कूस बदलेन."

दुकानदारानं यंत्र, डबी आणि दिवा काढून समोर ठेवले. मग म्हणाला,

"बाई, तुमचं काय?"

"माझं राहू दे. आधी त्यांना नीट बांधून द्या."