गच्चीवरच्या भरिताबाबत

मी सौ. सुनंदा गिरधर भंगाळे, वय ६१ वर्षे, व्यवसाय घरकाम, उन्हाळ्यात पापड-कुरडयांच्या ऑर्डरी घेते, रा. जळगाव. आज बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

मी पती गिरधर यांच्यासह वरच्या मजल्यावर राहते. पती अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत. इमारतीत दोनच फ्लॅट आहेत. खाली हितेंद्र फालक व त्यांची पत्नी कामिनी राहतात. जागा एका ट्रस्टची असून दोन्ही फ्लॅट लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने आहेत. गच्ची दोघांची, दुरुस्ती निम्मी-निम्मी, असे पट्ट्यात आहे. जाणूनबुजून नुकसान करणाऱ्याचा पट्टा रद्द होतो, असेही आहे.

या पावसाळ्यात गच्ची गळू लागली. पाणी पतीच्या खाटेवर पडे. खाट सरकवत सरकवत स्वयंपाकघराच्या दारात आली. गच्चीवर विस्तव पेटवल्याने फरशी तडकली, असे मिस्त्रीने सांगितले. मी हितेंद्रभाऊंकडे निम्म्या खर्चाचे बोलायला गेले. त्यांनी ऐकून न घेता दार लावले. नंतर त्यांनी, मी एकटीने विस्तव पेटवून नुकसान केले व शिवीगाळ केली, असा अर्ज येथे आणि ट्रस्टकडे दिला.

विस्तव पेटला होता, हे खरे आहे. गेल्या थंडीत कामिनीची मुलगी भूमिका हिच्या साखरपुड्याला सावद्याहून पाहुणे आले. भरिताचा बेत कामिनीचा. कपाशीच्या काड्या तिच्या भावाने आणल्या. पेटवल्या तिनेच. दरवर्षी आम्ही पत्र्यावर वांगी भाजतो. त्या दिवशी वांगी जास्त, पत्रा पुरेना. फरशीवर नको, असे मी म्हणाले. त्यावर कामिनी म्हणाली, "अक्का, कायले घाबरते तू? काही झालं त दोघी मिळून करू ना." मी लाकडी बडगीत भरीत कुटायला घेतले. बडगी माझी, कुटणारी मी, एवढाच माझा गुन्हा. पाहुण्यांनी भरिताची तारीफ केली, तेव्हा कामिनीने माझ्या खांद्यावर हात ठेवून "आमच्या अक्काच्या हातचं आहे" असे सर्वांना सांगितले.

अर्जावर साक्षीदार म्हणून कामिनीची सही आहे. आम्ही गच्चीवर कधी जात नाही, आमच्याकडे भरीत कुणाला चालत नाही, असे तिने लिहून दिले आहे. हवालदार मॅडमनी ते वाचून दाखवले. मी पुन्हा वाचायला लावले. हितेंद्रभाऊंचा मला राग नाही, ते पहिल्यापासून हाताचे घट्ट. कामिनीचे मला फार लागले. भूमिकेला न्हाऊमाखू मी घातले आहे.

शिवीगाळ केलेली नाही. दार लागताना "कामिनी, तू तरी बोल" एवढेच म्हणाले. ती पडद्यामागे उभी होती. तिचे पाय मला दिसत होते.

निम्मा खर्च द्यायला मी आजही तयार आहे. माझी उलट तक्रार नाही. आजारी माणसाला घेऊन मी कुठे जाणार? पट्टा रद्द होऊ नये, एवढेच मागणे आहे.

कामिनी आता बाहेरच्या बाकावर बसली आहे. जबाब मला वाचून दाखवायचा असतो, असे मॅडम म्हणाल्या. तो दार उघडे ठेवून, बाकापर्यंत ऐकू जाईल असा वाचावा, अशी मी विनंती केली. तसा तो वाचला. मी सांगितले तेच त्यात आहे. हे खोटे आहे, असे बाहेरून कुणी म्हणाले नाही.