मामांचं नाव ओळीत मावेना

नक्की आठवत नाही, पत्रिकेला अरुंद कागद निवडण्याचा घोळ छापखान्याने केला की मी. बहुधा मीच. मुलीच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका, आणि रोह्याच्या तिच्या थोरल्या मामांचं लांबलचक नाव ओळीत मावेना.

पेणचा छापखानेवाला म्हणाला, "त्यांच्यापुरतं अक्षर बारीक करू?"

"नको हो! रुसून घरी बसतील. मग मुलीला बोहल्यावर कोण आणणार?"

त्याने सगळीच नावं एका जुन्या वळणाच्या, टोकांना बारीक पाय असलेल्या अरुंद टायपात लावली. "उंची तीच हाय, सर. पोट तेवढं आत घेतलंय."

मामा हसत आले, भाचीला घेऊन बोहल्यावर उभे राहिले. माझा जीव भांड्यात पडला.

बऱ्याच वर्षांनी मामींकडून कळलं: पत्रिका हाती पडताच मामांनी नावांची उंची मोजायला फूटपट्टी मागवली होती.