ट्रेलरच्या कपाटातलं पाणी

ट्रेलरचा घोळ सांगितलाच नाही ना मी तुम्हाला? गाडीमागे जोडायचं ते चाकांवरचं घर. रिटायर झाल्यावर घेऊ, असं हे म्हणायचे. हे गेले, तरी यंदा मी एकटीनेच घेतला, वीस वर्षांचा जुना. विकणारे आजोबा म्हणाले, "दोन दिवस वापरून बघा, नको वाटला तर परत आणा."

माझी लेक नेहा एकच घोकत होती, "आई, छत लीक झालं तर परत करायचा. नो एक्स्क्यूजेस."

दुसऱ्या दिवशी ती बघायला आली. बाहेर आमच्या अमेरिकेतल्या बेलव्ह्यूचा नेहमीचा पाऊस, आणि आत वरच्या कपाटातून टपटप पाणी!

"सी? आय टोल्ड यू!"

मला वाटलं, आता हा ट्रेलरही जाणार. नेहाने कपाट उघडून आत पाहिलं.

"आई, व्हाय इज देअर अ कोकोनट?"

सकाळी मी ट्रेलरची पूजा केली होती. नारळ फोडायचं काम कायम ह्यांचं. माझ्या तीन फटक्यांत नुसती चीर गेली, म्हणून तसाच वर ठेवून दिला होता.

आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता मी डोळे पुसायला लागले, तशी नेहा म्हणाली, "आई, आता तू लीक होऊ नकोस हं."