पहिली पात

आमच्या घरातला एक नियम सांगते. सत्काराला नाही म्हणायचं नाही, आणि का, तेही विचारायचं नाही. मी बी.एस्सी. झाले तेव्हा चुलत्यांनी, म्हणजे नानांनी, महाळुंग्याच्या चौकात फ्लेक्स लावला. त्यावर त्यांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा.

सत्काराच्या सकाळी मी कांदे लावायला गेले. धुक्यात रान दुधात बुडाल्यासारखं दिसत होतं. पहिली ओळ, म्हणजे पात, कायम सखूमावशीची; लावणीच्या बायांत सगळ्यांत तरबेज हात तिचा. त्या दिवशी तीच बाजूला सरकली.
"तुझं एक रोप मरत न्हाई. आज तू धर गं."
बाकीच्या बायांनी माझ्या मागच्या पाती धरल्या. मी जणू तरंगत होते.

तेवढ्यात नाना चार पुढाऱ्यांना घेऊन बांधावर आले.
"चल, फेटा बांधायचाय. लोकं खोळंबल्यात."
"माझा सत्कार चाललाय, नाना. मी पात सोडणार नाही."

नानांनी पुढाऱ्यांकडे पाहिलं. पुढारी धुक्याकडे बघत राहिले.